एक, शून्य, एक

दोनशे बारा पिसं. त्यातली चौसष्ट लावायची बाकी.

बोटाच्या दुसऱ्या पेरावर निळ्या पेनाने काढलेली रेघ.

घसा बसलेला कावळा.

सात दिवसांचं औषध, जे एका बाईच्या डोक्यात अठ्ठावीस दिवसांचं झालं होतं.

"माझ्या मापाचा कोट तुला होतो का रे?"

हे सगळं दहा दिवसांतलं. आता ओळीने.

१

नाटकगृहाच्या मागच्या बाजूला कपड्यांची खोली होती. लांबट, एका खिडकीची. एका भिंतीला राजे, शिपाई आणि दोन अस्वलं हँगरला लटकलेली. दुसऱ्या भिंतीला इस्त्रीचं टेबल. इस्त्रीपाशी वहिनी, मशीनपाशी शिवणताई. नणंद-भावजय. वहिनीची इस्त्री अशी की शर्टाच्या घडीने भाजी चिरावी. पण सुईत दोरा ओवायचा म्हटलं की तिला पाणी प्यावंसं वाटायचं. म्हणून शिवणकाम सगळं ताईकडे.

एकतीस वर्षं ताईने दुसऱ्यांनी काढलेले कपडे शिवले. या खेपेला दिग्दर्शक दारात उभा राहून म्हणाला, "कावळ्याचा कोट तुम्हीच काढा आणि तुम्हीच शिवा. मी मध्ये बोलणार नाही." त्या दिवसापासून ताईचे पाय जमिनीला लागत नव्हते. जेवताना ताटाकडे बघत ती पिसं मोजायची. खांद्यावरच्या पिसांचा नमुना तिने भिंतीवर चिकटवला: १-०-१. म्हणजे एक ओळ पिसांची, एक ओळ मोकळी, एक ओळ पिसांची. मधल्या मोकळ्या ओळीतून काळा सॅटिन चमकणार, आणि कावळ्याने पंख पसरले की दिवे त्या फटींतून पाण्यासारखे वाहणार. शनिवारी पहिला प्रयोग.

त्याच्या आदल्या आठवड्यातल्या गुरुवारी कॉलरच्या जाड शिवणीत सुई अडली आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटात नखापाशी शिरली. शुक्रवारी बोट टम्म. डॉक्टरांनी बोट बघितलं, कुठल्या औषधाने आजवर अंगावर पुरळ वगैरे आलंय का ते विचारलं, नाही म्हटल्यावर अँटिबायोटिक लिहून दिलं. कागदावर गोळीचं नाव, जेवणानंतर, आणि पुढे: १-०-१.

ताईने तो आकडा बघितला आणि तिला बरंच वाटलं. आपल्याच भाषेत लिहिणारे डॉक्टर भेटले.

०

शनिवार. गोळी नाही.

सोमवार. गोळी नाही. बोट दुखतंय, पण मोकळी ओळ आहे.

१

मंगळवारी सकाळी ताईने गोळी घेतली आणि पाकीट टेबलावर ठेवलं. वहिनीने इस्त्रीवरून मान वर केली.

"किती उरल्या?"

"अकरा."

"शुक्रवारपासून घेतेयस ना? आणि अकरा?"

"एक दिवस घ्यायची, एक दिवस सोडायची, एक दिवस घ्यायची. एक, शून्य, एक. चौदा गोळ्या, अठ्ठावीस दिवस. दमादमाने चालणारं औषध आहे."

वहिनीने इस्त्री उभी केली. "ताई, ते दिवस नाहीत गं. वेळा आहेत. सकाळी एक, दुपारी काही नाही, रात्री एक. रोज."

ताईने भिंतीवरच्या नमुन्याकडे बघितलं, हातातल्या कागदाकडे बघितलं. आकडे तेच होते. एकतीस वर्षं तिने त्या आकड्यांचा एकच अर्थ लावला होता.

मग तिने बोटांवर हिशेब केला. "म्हणजे सहा टाके सुटले. आण पाणी. सहा भरून घेते."

वहिनीने पाकीट असं झडपलं की कावळ्याला जमलं नसतं. "सहा एकदम गिळशील?"

"सुटलेला टाका भरायचा नाही तर काय करायचं? उसवू द्यायचं?"

"हे कापड नाही, पोट आहे." वहिनीने औषधाच्या दुकानात फोन लावला आणि तो मोठ्या आवाजावर ठेवला. दुकानातल्या बाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "चुकलेल्या गोळ्या भरून काढायच्या नाहीत. जास्त घेतल्याने लवकर बरं होत नाही, त्रास मात्र होतो. इतक्या चुकल्यात आणि बोट अजून सुजलंय, तर आत्ता डॉक्टरांना दाखवा. पाकीट बरोबर न्या."

१

डॉक्टर रागावले नाहीत, हेच ताईला जड गेलं. त्यांनी बोट उजेडात धरलं. लाली दुसऱ्या पेराच्या जवळ आली होती. खिशातलं निळं पेन काढून त्यांनी लालीच्या कडेने बोटाभोवती रेघ काढली.

ताईला रेघ म्हटली की राहवत नाही. "यावर कापायचं की शिवायचं?"

"तेच ठरायचंय," डॉक्टर म्हणाले. "आज रात्रीपासून रोज दोन, सात दिवस, एकही न चुकवता. अकरा आहेत, तीन आणखी देतो. लाली या रेघेच्या आत राहिली, मागे सरली, तर उत्तम. रेघ ओलांडली, ताप आला, किंवा बोट ठणकायला लागलं, तर थांबायचं नाही, लगेच यायचं. मग बोट उघडावं लागेल. अंगावर पुरळ उठलं किंवा श्वास लागला तरी लगेच. आणि या बोटाने शिवायचं नाही."

"शनिवारी प्रयोग आहे."

"म्हणूनच."

ताईला एवढं मात्र नीट समजलं. रेघेच्या आत राहणं हे तिचं आयुष्यभराचं काम होतं. फक्त आजवर रेघ कापडावर असायची.

०

ताई शिवत नाही.

वहिनी शिवते.

१

ते तीन दिवस कपडेखोलीत असं काही चाललं होतं की दारातून जाणारे थांबून ऐकत.

"मागून ओढ. मागून म्हणजे उलट्या बाजूने गं, स्वतःच्या मागून नाही."

"मला काय स्वप्न पडतं कुठलं मागून ते."

"टाका बारीक घे. हा टाका आहे की पायरी?"

"नको असेल तर सांग, मी इस्त्रीवर जाते."

"बस गं. पीस पिसासारखं बसलंय. छान बसलंय."

वहिनीने मान वर केली नाही, पण कान लाल झाले. रात्री जेवण झालं की आठाचा गजर वाजे. ताई गोळी घेई आणि दोघी दिव्याखाली बोट धरून बसत. रेघेपासून लाली किती. बुधवारी सकाळी रेघेला चिकटलेली. बुधवारी रात्री तशीच. ताईने तीनदा बघितलं आणि वहिनीने तिसऱ्यांदा दिवाच बंद केला. गुरुवारी सकाळी वहिनी ब्रश तोंडात धरून न्हाणीघरातून आली, कारण ताईने नुसतं "अगं" म्हटलं होतं, पण असं म्हटलं होतं की भिंतीपलीकडे कळावं.

रेघ आणि लाली यांच्यामध्ये पांढरी पट्टी दिसत होती. दोऱ्याएवढी. पण दिसत होती.

दुपारी दाखवायला गेल्या, तर डॉक्टर म्हणाले, "उतरतंय. गोळ्या सोडायच्या नाहीत." शुक्रवारी पट्टी बोटभर झाली. चौसष्टपैकी साठ पिसं लागली होती.

तेवढ्यात कावळा आला. म्हणजे कावळ्याचं काम करणारा नट. त्याला सगळे कावळाच म्हणत. गळ्याला मफलर, डोळे केविलवाणे. त्याने तोंड उघडलं तर आतून फक्त खरखर आली.

"उद्या प्रयोग आहे," तो कुजबुजला. "घसा गेला. ताई, तुमचं बोट तर बरं झालं. उरलेल्या गोळ्या मला द्या ना."

ताईचा हात पाकिटाकडे गेला. खरंच गेला. कोट तिचा होता. कोटात उभा राहणारा माणूस मुका असेल तर कोट कोण बघणार? बोट दुखत नव्हतं, सूज उतरली होती, आणि पाकिटात आठ गोळ्या होत्या. वहिनी सुई हवेत धरून थांबली.

ताईने हात मागे घेतला. "माझ्या मापाचा कोट तुला होतो का रे?"

"नाही."

"मग माझ्या मापाची गोळी कशी होईल? मला बोटाला दिलीय. तुझ्या घशात काय आहे ते तुला तरी माहितीये का? आणि माझी शिवण अजून पुरी झाली नाही. बरं वाटतंय म्हणून मध्येच दोरा तोडला की काय होतं ते मी आख्खी नोकरी बघत आले आहे. धुण्यात उसवतं. डॉक्टरकडे जा आणि तोंड बंद ठेव. ते तुला तसंही जड जातं."

कावळा गेला. तासाभराने परत आला आणि पाटीवर लिहून दाखवलं: व्हायरल आहे. अँटिबायोटिक नको. गरम पाणी, गप्प बसणे.

"देवा," वहिनी म्हणाली, "यापेक्षा त्याला बोट कापायला सांगायचं."

१

शनिवार. पडद्यामागे ताई आणि वहिनी एका उलट्या पेटीवर बसल्या होत्या. दोनशे बारा पिसं होती. शेवटची चार ताईने डाव्या हाताने लावली होती आणि ती सगळ्यांत वाकडी होती.

आठ वाजता गजर वाजू नये म्हणून वहिनीने तो बंद ठेवला होता आणि स्वतःच घड्याळाकडे बघत होती. मध्यंतर झालं. ताईने डब्यातली पोळी खाल्ली, गोळी घेतली, पाणी प्यायली. पाच उरल्या. दोन्ही बोटं शेजारी धरली तर आता डावं कुठलं, उजवं कुठलं, हे पेनाच्या रेघेवरूनच कळत होतं.

दुसरा अंक. कावळा फांदीवर आला, दिव्यांकडे वळला आणि पंख पसरले. मोकळ्या ओळींतून उजेड वाहिला, अगदी तिने डोक्यात बघितला होता तसा. मग त्याने तोंड उघडलं. आदल्या दिवसापासून जपलेला तो फाटका, खरखरीत, खराखुरा कावळ्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. प्रेक्षागृहात आधी हशा, आणि हशाच्या मागून टाळ्या, अशा की पडद्याला हवा लागावी.

ताईने वहिनीचा हात धरला. दुखऱ्या बोटासकट धरला. दुखलं नाही.

"उद्या सकाळी आठला," वहिनी तिच्या कानात म्हणाली. "मंगळवारपर्यंत."

"माहितीये गं."

पहिल्या शुक्रवारी औषधाच्या दुकानातल्या बाईंनी पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढायला पेन उचललं होतं, तेव्हा ताई म्हणाली होती, "राहू दे, मला वाचता येतं."