फियाटच्या चाकांचा कल

तुर्भ्याच्या ट्रक टर्मिनसच्या पाठीमागे जोतीराम मिस्त्रीचे गॅरेज होते. सातारा जिल्ह्यातून आलेल्या या सद्गृहस्थाने वीस वर्षे ट्रकांची चाके सरळ केली होती आणि त्याविषयी त्याला रास्त अभिमानही होता. तथापि सन १९९७ च्या हिवाळ्यात ज्या गाडीने त्याचे चित्त संपूर्ण हरण केले, ती ट्रक नव्हती. ती होती नेरूळच्या कर्णिक दांपत्याची जुनी फियाट.

आठ महिने खपून जोतीरामने त्या फियाटचा कायापालट केला होता. स्प्रिंगा कापून तिला एवढी बसकी केली की तिच्याखालून मांजर जाताना विचार करील. मागचे आसन काढून टाकले, रुंद टायर घातले, इंजिनाला दुसरा कार्ब्युरेटर बसवला आणि वर लाल रंग दिला. गाडी सुरू झाली की शेजारचा वेल्डर हातातले काम ठेवून बाहेर येत असे.

ही गाडी शर्यतीत चालवणार होत्या जयमालाबाई कर्णिक. बँकेत नोकरी करणाऱ्या या बाई स्वभावाने मोकळ्या आणि शरीराने भारदस्त होत्या. मागील वर्षी बेलापूरच्या मैदानावरील शर्यतीत दुसऱ्याच वळणावर त्यांची गाडी गिरकी घेऊन वाळूच्या पोत्यांत घुसली होती. त्यामुळे यंदा त्यांचे यजमान अरविंदराव यांनी अट घातली होती. पहिल्या तीन क्रमांकांत आलीस तर गाडी राहील, अन्यथा विकून टाकू आणि चार माणसे बसतील अशी घेऊ. गिऱ्हाईकही तयार होते. दिघ्याचा एक मंडपवाला तिचे छप्पर कापून तिच्यातून नवरदेव मिरवणार होता.

"नवरदेव!" जोतीराम रंगूबाईला म्हणाला. "आठ महिने मी हिला पैलवान केली, आन् हा हिला बाशिंग बांधणार!"

"मग बसवा की चाकं नीट," रंगूबाई म्हणाली. ती त्याची पत्नी. कांदा-बटाटा मार्केटात कांदा निवडण्याचे काम करीत असे आणि बोलण्यात तराजूच्या काट्यासारखी चोख होती.

आता चाके नीट बसवणे म्हणजे काय, हे वाचकांस थोडे सांगणे अगत्याचे आहे. वळणावर गाडी कलंडू पाहते, म्हणून पुढच्या चाकांचे माथे किंचित आत झुकवावे लागतात. आखाड्यात उतरलेला पैलवान पाय फाकवून उभा राहतो, त्याच न्यायाने. हा कल पत्र्याच्या पातळ पट्ट्या घालून साधतात. दुसरी गोष्ट चाकांच्या तोंडांची. ती रस्त्याच्या गाडीत केसभर आत वळलेली ठेवतात. शर्यतीत मात्र केसभर बाहेर ठेवली की गाडी वळणात चटकन शिरते.

अरविंदरावांनी एक परदेशी पुस्तक आणले होते. त्यात तीन अंश कल सांगितला होता.

"साहेब, त्या पुस्तकातलं मैदान डांबरी हाय," जोतीराम नम्रपणे म्हणाला. "आपलं मुरमाचं. तीन अंश दिलं तर टायर निम्मंच टेकंल. दीड बास."

"पुस्तक लिहिणारा वर्ल्ड चॅम्पियन आहे, मिस्त्री!"

"असंल की. पर त्यानं बेलापूर कुठं बघितलंय?"

अरविंदरावांनी पुस्तक मिटले. दीड अंश ठरला.

गुरुवारी जोतीरामने काम आरंभले. गाडीच्या दोन्ही बाजूंस दोऱ्या ताणल्या, चाकांवर ओळंबा सोडला आणि पट्टीने मापे घेतली. परंतु मापाच्या वेळी चालकाच्या आसनावर चालकाएवढे वजन असावे लागते. कारण माणूस बसला की तेवढी बाजू दबते आणि चाकाचा कल बदलतो. ट्रकचा ड्रायव्हर असता तर जोतीरामने "बस रे वर" म्हणून काम भागवले असते. जयमालाबाई बँकेत होत्या. म्हणून त्याने मार्केटातून कांद्याचे एक पोते आणवले, पन्नास किलोचे, आणि ते आदरपूर्वक आसनावर ठेवले.

बाईंचे वजन पन्नास नसावे, हे त्याच्या डोळ्यांना दिसत होते. परंतु प्रतिष्ठित घरच्या सवाष्ण स्त्रीचे वजन परपुरुषाने मनातल्या मनातसुद्धा पन्नासाच्या वर धरणे ही त्याच्या मते बेअदबी होती. एका पोत्यावर तो सभ्यपणे थांबला.

शर्यत रविवारी सकाळी होती. शनिवारी दुपारी कर्णिक दांपत्य गाडीची परीक्षा घेण्यास आले. नेरूळच्या पलीकडे, सेक्टर आखलेल्या पण इमारती न उठलेल्या भागात, एक सरळ, निर्मनुष्य रस्ता होता. जयमालाबाई गाडी घेऊन गेल्या आणि परत आल्या, त्या चेहरा पाडूनच.

"मिस्त्री, ही डावीकडे पळतेय."

जोतीराम स्वतः चक्कर मारून आला. शिडशिडीत बांध्याचा, वजन जेमतेम बावन्न. गाडी बाणासारखी सरळ. बाई पुन्हा बसल्या. गाडी पुन्हा डावीकडे.

"तुम्ही चालवता तेव्हा सरळ जाते," बाई हळूच म्हणाल्या. "म्हणजे दोष माझ्या हातात आहे. गेल्या वर्षीही असंच झालं असेल. जाऊ दे, मंडपवाल्याला देऊनच टाकू."

आपल्या सभ्यपणाचे पाप या माउलीच्या माथी जात आहे, हे जोतीरामला कळून चुकले. बाईंना बसवून नव्याने मापे घ्यावीत, तर चार वाजता सर्व स्पर्धकांना मैदान पाहण्यासाठी बोलावले होते, आणि काम तर तीन तासांचे. वजनाचा आकडा मिळवल्यावाचून गत्यंतर नव्हते.

सर्वजण गॅरेजवर परतले. अरविंदराव स्कूटर काढण्यास गेले. ती संधी साधून जोतीरामने घसा खाकरला.

"बाई, आपली प्रकृती कशी म्हणावी?"

"बरी आहे. का हो?"

"न्हाई, म्हंजे... हलकी, का जरा..."

"मिस्त्री, तुम्हालाच बरं वाटत नाहीये का? घामाघूम झालात."

"बाजारात कवा तोलायच्या काट्याजवळनं जाणं होतं का आपलं?"

जेवणाचा डबा घेऊन आलेली रंगूबाई हे सर्व ऐकत उभी होती. तिने डबा खाली ठेवला.

"अवो, किती आडवाटंनं जाताय? ताई, वजन किती वो तुमचं?"

जोतीरामने डोळे मिटले. धरणीने पोटात घेतले तर बरे, असे त्याला झाले.

"साठ," बाई घाईने म्हणाल्या.

रंगूबाईने त्यांना नखशिखान्त न्याहाळले. पंधरा वर्षे पोत्यांच्या सहवासात काढलेली ती नजर होती.

"साठाचं पोतं मी एकली पाठीवर घेते, ताई. तुमास्नी उचलायचं तर दोन हमाल लागतील."

मग जयमालाबाई अशा खळखळून हसल्या की पलीकडच्या वेल्डरने मान वर केली.

"ब्याऐंशी," त्या डोळे पुसत कुजबुजल्या. "पण ह्यांना कळू द्यायचं नाही हं. ह्यांना मी अडुसष्ट सांगितलंय."

"दोन पोत्यांतनं अठरा किलो कांदा काढायचा," रंगूबाईने जागच्या जागी हिशेब केला. "काढते मी."

"बाई," जोतीराम हात जोडून म्हणाला, "तुमच्या हातात दोष न्हाई. मी पन्नास धरलं म्हणून उजवं चाक जास्त दबलं, कल वाढला, आन् गाडी डावीकडं गेली. चूक माझी हाय."

"पन्नास?" बाईंचा चेहरा उजळला. "खरंच पन्नास धरलंत? मिस्त्री, लग्नानंतर कुणी एवढं चांगलं बोललं नव्हतं मला."

त्या प्रसन्न होऊन मैदान पाहण्यास गेल्या. इकडे जोतीरामने पट्ट्या काढल्या, घातल्या, पुन्हा काढल्या. रंगूबाई काट्यावर कांदा तोलून देत होती. सहा वाजता दोन्ही चाके ब्याऐंशी किलोंच्या भाराखाली समसमान दीड अंशावर उभी राहिली. नेमके त्याच वेळी अरविंदराव डोकावले.

"दोन पोती? मिस्त्री, हिचं एवढं वजन धरलंत?"

"न्हाई साहेब," जोतीराम शांतपणे म्हणाला. "एक पोतं बाईंचं. दुसरं तुमी घातलेल्या अटीचं."

जाताना अरविंदरावांनी फियाटच्या टपावरून हलकेच हात फिरवला.

रविवारी एकंदर सतरा गाड्या मैदानात होत्या. एकेकीने घड्याळाविरुद्ध धावायचे, असा नियम. बाईंचा नंबर आला तेव्हा जोतीराम दोरीपाशी उभा राहून फक्त पुढच्या चाकांकडे पाहत होता. पहिले वळण सुटले. दुसऱ्या वळणाशी, जिथे मागील वर्षी घात झाला होता, गाडी मुरमाचा फवारा उडवीत आत शिरली आणि पाय रोवून, जणू कोणी कान धरून वळवल्याप्रमाणे बाहेर पडली. जोतीरामच्या तोंडून नकळत "ज्योतिबाच्या नावानं चांगभलं!" निघाले. शेवटच्या सरळ पट्टीवर गाडी तसूभरही इकडे-तिकडे झाली नाही.

कर्ण्यातून निकाल सांगितला गेला. जयमाला कर्णिक, तिसऱ्या. चौथ्या गाडीहून अर्धा सेकंद कमी.

"राहिली!" अरविंदरावच सर्वांआधी ओरडले आणि अट आपण नव्हे, दुसऱ्याच कोणी घातली होती अशा थाटात नाचू लागले. दिघ्याचा मंडपवाला उसाचा रस अर्धा टाकून निघून गेला.

"रंगूबाई, चला, तुम्हाला फेरी मारून आणते," बाईंनी हाक मारली. रंगूबाई पदर खोचून ऐटीत शेजारच्या आसनावर बसली. मागे आसन नव्हतेच. जोतीराम जादा चाकावर बसला आणि दोन्ही हातांनी छताखाली आधाराला बसवलेली लोखंडी नळी धरली.

रंगूबाईचे वजन डाव्या बाजूस पडताच गाडी किंचित उजवीकडे ओढू लागली. जोतीरामला ते पहिल्याच दहा हातांत कळले. रंगूबाईचे वजन त्याला तंतोतंत ठाऊक होते आणि किती पट्ट्या लागतील हेही त्याने मनात मोजले होते.

"मिस्त्री, कशी चालतेय?" बाईंनी पुढून विचारले.

"सरळ, बाई," जोतीराम म्हणाला. "अगदी सरळ."