दोन डब्यांच्या मधली जागा

गुलशनने बेसचं नवं मशीन बसवलं आणि बेसच गायब झाला.

सालेकशाजवळच्या त्याच्या गावात त्या दुपारी मंडई भरायची होती. दिवाळीनंतरची मंडई म्हणजे दंडारीचे नाच-नाटकाचे खेळ, मिठाईची दुकानं, पाळणे आणि बाजारचौकात गुलशनचा साउंड. जुनं मशीन दसऱ्यातच जळालं होतं. म्हणून त्याने रायपूरहून जास्त ताकदीचं मशीन, म्हणजे अॅम्प्लिफायर, आणलं, त्याच्यासाठी नव्या केबल स्वतः तयार केल्या, आणि सकाळी घरच्या अंगणातच सगळं मांडून चालू केलं. बेसच्या स्पीकरचे दोन मोठे प्लायचे डबे अंगणाच्या दोन टोकांना, मशीन मधोमध खाटेवर. वरचे स्पीकर खणखणीत वाजले. ढोलकीची थाप मात्र अशी आली, की शेजारच्या घरी कोणी गोधडी झटकत असावं.

"आवाज खोल ना," टिंकू म्हणाला. टिंकू गोंदियाचा, पिकअपचा मालक आणि या धंद्यात गुलशनचा भागीदार.

"खोललाच हाय. आता बटन फिरतच नाही पुढं."

"मग ये मशीन में ही गडबड है. परत कर."

"मंडई दुपारी हाय, परत कवा करू?"

गुलशनने मीटर लावून करंट पाहिला, बरोबर होता. मिक्सरची वायर बदलली. बेसचं बटन मागे-पुढे फिरवून पाहिलं. दर वेळी तो मशीनजवळ, अंगणाच्या मध्यात येऊन उभा राहायचा आणि कान द्यायचा. दर वेळी तीच गोधडी. मशीनवरचे हिरवे दिवे तर थापेसरशी वरपर्यंत चढत होते. म्हणजे ताकद जात होती. मग ती जाऊन कुठे राहिली होती?

त्याची बहीण चंदा चहा घेऊन आली. चंदा जन्मापासून बहिरी. गोंदियाच्या शाळेत शिकली, शिवणकाम शिकली, आणि आता गावातल्या निम्म्या बायांचे ब्लाउज तीच शिवायची. भावाच्या धंद्याशी तिचा संबंध एवढाच, की डब्यांची कापडी खोळ तिने शिवून दिली होती. तिला हाक मारायची तर घरचे जमिनीवर पाय आपटायचे. बाकी बोलणं हातांचं.

गोठ्याकडच्या डब्याजवळून येताना ती एकदम थांबली. पायाखाली पाहिलं. मग दोन पावलं पुढे आली, आणखी दोन, आणि अंगणाच्या मध्यावर येऊन परत थांबली. चहाचे कप तिने खाटेवर ठेवले आणि आल्या वाटेने उलटी गेली. तिथून पुन्हा मध्यावर. तिथून पलीकडच्या डब्याकडे.

"ही काय करून राहिली?" टिंकूने विचारलं.

चंदाने गुलशनचं मनगट धरलं आणि त्याला गोठ्याकडे नेलं. मूठ वळून स्वतःच्या छातीवर आपटून दाखवली. इथे आहे. मग त्याला मध्यात आणलं आणि हात उघडून रिकामा तळवा दाखवला. इथे नाही. पलीकडच्या डब्याजवळ पुन्हा छातीवर मूठ.

गुलशन हसला. मग त्याचं हसणं थांबलं, कारण तो खरंच गोठ्याजवळ उभा होता आणि त्याच्या पोटात ढोलकी वाजत होती. तो चालत मध्याकडे आला. थाप पावलागणिक बारीक होत गेली, आणि मशीनपासून थेट अंगणाच्या कडेच्या आंब्याच्या झाडापर्यंत जाणाऱ्या दोन-तीन हात रुंद पट्ट्यात ती जवळजवळ मरूनच गेली. पट्टा ओलांडला की जिवंत. तो लहानपणापासून आवाजात वाढला होता, पण आवाजात असा खड्डा असतो हे त्याला ठाऊक नव्हतं. टिंकूही त्या पट्ट्यातून दोनदा गेला आणि मग चहा प्यायला लागला.

"दोघंबी वाजून राहिले," गुलशन हळू म्हणाला. "पन एकमेकाले मारून राहिले."

त्याने मशीन बंद केलं आणि घड्याळातला सेल काढून आणला. केबल मशीनमधून सोडवली आणि तिच्या दोन तारा सेलला टेकवल्या. गोठ्याकडच्या डब्यातला स्पीकरचा कागदी पडदा टक्कन बाहेर आला. दुसऱ्या केबलला सेल तसाच लावला, तर त्या डब्याचा पडदा आत गेला. नवी केबल करताना त्याच्याच हातून एका टोकाला प्लस-मायनस उलटे जोडले गेले होते. एक डबा हवा पुढे ढकलत होता तेव्हा दुसरा ती मागे ओढत होता, आणि मधल्या जागेत दोघांचा हिशोब शून्य होत होता.

त्याने तारा सोडल्या आणि सरळ करून सोल्डरचा डाग दिला. चंदाला खूण केली: मध्यात उभी राहा.

मशीन चालू झालं.

पहिल्या थापेला छपरातलं मातीचं कवेलू खडखडलं. बादलीतल्या पाण्यावर बारीक, एकसारख्या रेघा उठल्या, कोणी बोटाने नक्षी काढावी तशा, आणि थाप थांबली की मिटल्या. टिंकूच्या हातातला कप बशीवर वाजायला लागला. मघाशी जिथे काही नव्हतं, तिथेच आता सगळ्यात जास्त होतं. चंदा त्या जागेवर डोळे मिटून उभी होती, दोन्ही हात छातीवर. गुलशनला वाटलं ती घाबरली. त्याने बटन कमी करायला हात नेला, तर तिने डोळे न उघडताच नकारार्थी मान हलवली. तिला कसं कळलं, कोणास ठाऊक.

बऱ्याच वेळाने ती डब्यापाशी गेली आणि प्लायवर तळहात टेकवून बसली. मग वळून भावाला हातांनी विचारलं: तुम्ही सगळे रोज याच्यात राहता?

गुलशनने हो म्हटलं. त्याला उगाच चोरट्यासारखं वाटलं.

मग तिने घराकडे बोट केलं, जिथे त्यांची माय, वच्छला, ओसरीत सुपाने तांदूळ पाखडत होती, आणि विचारलं: माय कशी वाजते?

गुलशनने टिंकूकडे पाहिलं. पिकअप भरायची वेळ झाली होती. टिंकू म्हणाला, "माइक जोड."

"मी कायले बोलू त्याच्यात?" वच्छला म्हणाली. हाताला कोंडा लागलेला, पदराने पुसत होती. "मले नाही येत बाप्पा."

"काही नोको बोलू," गुलशन म्हणाला. "तिचं नाव घे."

वच्छलाने माइक हातात घेतला. हे नाव तिनेच ठेवलं होतं. बाळ हाकेला वळून पाहत नाही हे कळल्यावर काही महिने ती मुद्दाम जास्तच हाका मारत राहिली होती, अंगणातून, नाल्यावरून, अंधारात. मग बंद केल्या. दुसऱ्यांशी बोलताना नाव यायचं, पण मुलीकडे तोंड करून तिने ते कितीतरी वर्षांत घेतलं नव्हतं.

गुलशनने बेसच्या मशीनवरचं, बारीक आवाज अडवणारं बटन वरपर्यंत नेलं, म्हणजे बाईमाणसाचा आवाजही त्या डब्यातून जाईल. चंदाने दोन्ही तळवे प्लायवर ठेवले आणि मायच्या तोंडाकडे पाहू लागली.

"चंदा," वच्छला म्हणाली.

अंगणभर तो शब्द जाडसर, खोल होऊन घुमला. चंदाने हात झटकन काढले, तळव्यांकडे पाहिलं आणि परत ठेवले. मान हलवली. अजून.

"चंदा. ओ चंदा. इकडं ये बाई."

चंदाच्या बोटांनी प्लायवर दोन ठोके दिले, नावाच्या दोन अक्षरांसारखे, एक जड, एक हलका. मग मायकडे बोट केलं आणि पुन्हा तेच दोन ठोके. वच्छलाने माइक खाली घेतला. गुलशनने मशीनकडे तोंड फिरवलं आणि काही नसताना एक वायर दाबून पाहिली.

चंदा उठली. मायच्या हातून माइक घेतला, एक हात डब्यावर ठेवला आणि तोंड उघडलं. शाळा सुटल्यापासून तिने चारचौघांत आवाज काढला नव्हता; लोक वळून पाहतात हे तिने पाहिलं होतं. आता जो आला तो खरखरीत होता, आधी एक जड आणि मग एक हलका. डबा तिच्या हाताखाली थरारला. तिने स्वतःच्या गळ्याला हात लावला, डब्याला लावला, परत गळ्याला, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून वच्छला तिथेच मातीत बसली.

बाहेर टिंकूने पिकअप सुरू केलेली होती. त्याने ती बंद केली, चावी खिशात टाकली आणि फाटकाला टेकून उभा राहिला. चौकातून कोणी ओरडून साउंड कधी येतो ते विचारलं.

"येऊन राहिलो," टिंकू म्हणाला. "थोडा टाइम लागन."