पंच्याहत्तर किलोचा ड्रायव्हर

कापणी यंत्राच्या सीटची चाचणी घेणारी टेस्ट रिग त्याने स्वतः आखली होती, आणि त्या सीटवर सोळा महिने वाळूचं पोतं बसत होतं. वजन पंच्याहत्तर किलो. रिगचा लोखंडी हात पोतं उचलायचा, की पाती लगेच थांबायला हवीत. ड्रायव्हर उठला की यंत्र बंद, एवढंच सिद्ध करायचं होतं. सगळे पोत्याला 'ड्रायव्हरसाहेब' म्हणायचे. साहेबांनी कधी रजा मागितली नाही. त्याच्या स्वतःच्या कमरेचा काटा मात्र पार ढिला झाला होता.

रिपोर्ट 'पास' झाला त्या रविवारी तो ताईकडे जेवायला गेला. तिचा नवरा कारखान्याने चाचणीला दिलेलं ते नवं यंत्र शेतात चालवून बघत होता.

"यंत्र झकास आहे रे," दाजी म्हणाले. "फक्त काड्या अडकल्या की उतरावं लागतं, आणि उतरलं की ते बंद. मग मी सीटवर धान्याचं पोतं ठेवतो नि उतरतो. पाती चालूच! हाताने जरा ओढलं की काड्या सुटतात."

"हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"तूच की! कारखाना दाखवलास ना त्या दिवशी? म्हटलं, ह्यांचं यंत्र पोत्यालाच ड्रायव्हर समजतंय."

ताई वाढता वाढता हसली. दाजींची ताटातली बोटं तो बघत राहिला. तूर्त दहाच्या दहा होती.

सोमवारी त्याने विभागाच्या साहेबांना सांगितलं, "पोतं पास झालंय, माणूस नाही."

साहेबांनी कपाळावर हात मारला. यंत्रं पंधरवड्यात बाहेर पडायची होती. "आठ दिवस," ते म्हणाले. "काय करायचं ते त्यात कर."

पोतं यंत्राबरोबर फक्त वरखाली हलतं. माणूस कधी ह्या कुल्ल्यावर, कधी त्या कुल्ल्यावर बसतो. त्याने सीटखाली दोन्ही बाजूंना वजन मोजणारे सेन्सर बसवले. पंधरा सेकंद भार इकडचा तिकडे झाला नाही, तर पाती बंद. सीटवरून उतरून पात्यांपर्यंत पोचायला वीस सेकंद लागतात, हे त्याने स्वतः दहादा चढून-उतरून मोजलं. माणसाच्या चाचणीला माणूस हवा, आणि मोकळं कोणीच नव्हतं. मग तोच बसला. पुढचे सहा दिवस, थरथरणाऱ्या सीटवर, सकाळपासून दिवे लागेपर्यंत.

आठव्या दिवशी साहेब बघायला आले. पोतं ठेवलं, पंधराव्या सेकंदाला पाती थांबली. मग तो बसला. पाय जड झाले होते. कंबर दुखायचीही थांबली होती. त्याला काहीच करावंसं वाटत नव्हतं, बूड हलवावंसंसुद्धा.

पाती थांबली.

"अरे, तू तर पोतं निघालास!" साहेब म्हणाले, आणि सगळा विभाग खो खो हसला. त्यालाही हसायचं होतं, पण डोळेच भरून आले. इतकं थकल्याची त्याला लाज वाटली.

"शेतात असं झालं तर लोक आपल्या नावाने खडे फोडतील," साहेब आता गंभीर झाले.

"फोडू देत. एवढ्या थकलेल्या माणसाच्या हाती पाती कशाला द्यायची, साहेब?"

साहेबांनी रिपोर्टवर सही केली आणि ते म्हणाले, "घरी जा. झोप."

तीन आठवड्यांनी भर दुपारी दाजींचा फोन आला. नवी सीट बसवल्यापासून ते नुसते धुमसत होते.

"वैताग आणलायस रे! पोत्याला जुमानत नाही तुझं यंत्र. काल तर मी स्वतः बसलेला असताना बंद पडलं!"

"दाजी, फोन कोणत्या हातात धरलाय?"

"उजव्या. का?"

"आणि डाव्या हाताने काय करताय?"

"कान खाजवतोय. झालंय काय तुला?"

"काही नाही," तो म्हणाला. "तुम्ही खाजवा."