सोमेशअण्णाचा लहानपणचा फोटो

सोमेशअण्णाची पन्नाशी नांदेडला हॉल घेऊन साजरी व्हायची होती आणि हॉलमध्ये भिंतीएवढा पडदा लागणार होता. त्यावर दाखवायचे जुने फोटो तयार करायचं काम लातूरच्या धाकट्या बहिणीकडे, शिवकन्येकडे आलं. घरात संगणकाला हात लावणारी तीच. क्लास वगैरे काही नाही. भाजी फोडणीला टाकून व्हिडिओ बघायचा आणि भाजी करपली की समजायचं, आज बरंच शिकून झालं.

फोटो आईनं आणले होते. कमलम्मा चार दिवस लेकीकडं राहायला आली ती खणाच्या कापडात फोटो बांधूनच.

शिवकन्येनं एक गोष्ट घोकून ठेवली होती : स्कॅन केलेला फोटो आधी पडद्याच्या मापाचा करायचा, त्याला धार द्यायची, म्हणजे कडा ठसठशीत करायच्या, त्या सगळ्यात शेवटी, आणि बेतानं. जास्त झाली की माणसांच्या कडेनं पांढरी रेघ उमटते आणि सगळं गणगोत कात्रीनं कापून चिकटवल्यासारखं दिसतं.

सकाळीच अण्णाचा फोन येऊन गेला होता. "शिवे, माझा लिंगधारणेचा फोटो सगळ्यात पुढं लाव. मोठ्ठा कर. कळू दे लोकायला, हा माणूस कधीकाळी देखणा होता."

"तवा डोक्यावर केस बी होते, अण्णा."

"ठेव फोन."

फोटो तळहातात मावेल एवढा, काळा-पांढरा. तरुण कमलम्मा, मांडीवर बाळ. बाळाच्या कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात फुलांचा हार, डोळे टक्क उघडे. लिंगधारणेला गळ्यात इष्टलिंग बांधलं त्या दिवशीचा अण्णा, हे घरात सगळ्यांना पाठ. वहिनी तर आल्यागेल्याला दाखवायची, "बघा, डोळे अजून तस्सेच!"

शिवकन्येनं फोटो मापात बसवला आणि धार दिली. आईच्या लुगड्याचे काठ उठून आले, हारातली शेवंती पाकळी पाकळी दिसायला लागली. पण बाळाचे डोळे काजळी फासल्यासारखे झाले. आपलाच हात जड पडला म्हणून तिनं धार काढून टाकली, पुन्हा हलकी दिली. डोळे तसेच. मग मूळ स्कॅन उघडून तिनं तेवढा चेहराच मोठा केला.

ती शाई होती. ब्रशानं ओढलेली. बुबुळाच्या गोलाला केसाएवढ्या रेघा आणि एका बाजूला रंग जरा बाहेर गेलेला. त्याच्या खाली बाळाच्या पापण्या होत्या, मिटलेल्या. आणि हनुवटीखाली आईची बोटं, मान पडू नये म्हणून दाबून धरलेली.

तापल्या तव्याला लागावा तसा तिचा हात माऊसवरून उडाला.

"अव्वा!"

कमलम्मा तुरीची डाळ निवडत होती. सूप घेऊनच आली. पडद्यावर ताटाएवढे डोळे बघून तिनं सूप हळूच खाली ठेवलं.

"एवढं दिसतंय व्हय यात," ती म्हणाली.

"अव्वा, अण्णा... हे काय हाय?"

"त्यो तुझा अण्णा न्हाई. त्याच्या आधीचा हाय."

शिवकन्येला वाटलं, आपण खुर्चीवर नाहीच, खाली कुठंतरी आहोत. आधीचा? घरात कधी कुणी चकार शब्द काढला नव्हता.

"नाव काय होतं त्याचं?"

"सोमेशच. तेच पुन्हा ठिवलं." कमलम्मानं पदरानं पडद्यावरची नसलेली धूळ पुसली. "बसायला लागला होता गं. तापानं गेला. मातीला न्यायच्या आधी विभूती लावली, हार घातला. तुझे बाबा म्हणले, एक फोटो तरी राहू दे. फोटोवाला म्हणला, डोळे उघडून देतो."

"आणि अण्णाला हे म्हाईत न्हाई?"

"लहानपणी विचारला, ह्यो मीच का? लई खूश झाला होता. मी हाव म्हणलं." मग अगदी पडद्याजवळ जाऊन म्हणाली, "पण शिवे, हे डोळे त्याचे न्हाईत. कुण्या परक्याचे काढले त्या माणसानं. पुसता येतंय का तुला?"

शिवकन्येनं माऊस पुन्हा हातात घेतला. बाळाच्या गालावरचा रंग उचलून तिनं शाईवर ठेवला, थोडा, पुन्हा थोडा. एक डोळा मिटला. मग दुसरा. कमलम्माच्या तोंडून आवाज फुटला, तो शिवकन्येनं आजवर ऐकला नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. अण्णाच. "झाला का माझा फोटो?"

शिवकन्येनं फोन स्पीकरवर टाकला. कमलम्मानं फोन ओढून घेतला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. आडपडदा नाही, रडणं नाही.

 शिवकन्येला वाटलं, आता हा चिडेल, हॉल रद्द करील.

"मग अव्वा," पन्नाशीचा अण्णा लहान पोरासारखा म्हणाला, "मी कुठाय? माझा फोटो कोणता?"

"तुझा काढूच दिला न्हाई रे कुणाला," कमलम्मा म्हणाली. "शाळेत जाईपर्यंत. लई भेले होते मी."

 मग अण्णानं बहिणीला हाक मारली.

"शिवे, ऐकतीस का? त्यालाच पुढं लाव. पण नुसता सोमेश लिहू नको. थोरला सोमेश लिही."