आधी कोण आजारी पडलं?

लोक मला संशयी म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. दारावर येणाऱ्या पोदेरानं दिलेले पाव मी त्याच्यासमोर पुन्हा मोजते.

त्यामुळे एका शुक्रवारी आमच्या गावच्या अंगणवाडीतली नऊ पोरं एकदमच ओकाऱ्या-जुलाबांनी आडवी झाली, त्यांत माझा नातू साईशही, तेव्हा बोट दाखवायला मी वेळ लावला नाही. तिथं जेवण रांधायची लक्ष्मी. दोडामार्गाकडची, नवरा खनिजाच्या ट्रकवर. तिचे हात, तिची भांडी, तिचा पदर, मला काहीच स्वच्छ दिसेना. मी चारचौघांत तसं बोलले. तपासणीचा निकाल येईपर्यंत लक्ष्मीनं घरीच बसावं, असं ठरलं.

डिचोलीहून डॉक्टर गौरवी आल्या, शौचाच्या नमुन्यांसाठी बाटल्या घेऊन. मोठ्यांचेही नमुने हवेत म्हटल्यावर लोक नाकं मुरडायला लागले. "कर नाही त्याला डर कशाला?" म्हणत मी पहिली बाटली दिली. खरं तर लक्ष्मीला नाही म्हणता येऊ नये म्हणून.

पोरं बरी झाली. तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी सगळ्यांना अंगणवाडीत बोलावलं.

"नोरो नावाचा विषाणू आहे," त्या म्हणाल्या. "त्याची जनुकं वाचून जात ओळखतात. नऊ मुलं, लक्ष्मी आणि तुम्ही, विनोदिनीताई, सगळ्यांत तंतोतंत एकच सापडला. पण तपासणी एवढंच सांगते. कुणाकडून कुणाकडे गेला, ते तारखांवरून ठरवावं लागतं."

"माका शनिवारी सुरू झाला," लक्ष्मी म्हणाली. "पोरांचे कपडे धुयल्यावर."

"सांगतली ती तशेंच," माझी सून सुविधा कुजबुजली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "ताई, तुम्हाला साईशकडूनच लागण झाली असणार. त्याचं सगळं तुम्हीच केलंत ना?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझा कुणाला संशयसुद्धा आला नाही, आणि त्याचीच मला लाज वाटली.

मला मंगळवारीच जुलाब झाले होते. कोकमाच्या सोलांचं पाणी पिऊन गप्प राहिले, कारण गुरुवारी साईशचा वाढदिवस होता आणि अंगणवाडीत वाटायचे लाडू माझ्याच हातचे हवेत, हा माझाच हट्ट. त्या लाडवांना लक्ष्मीला मी हातही लावू दिला नव्हता.

नुसतं 'हो' म्हटलं असतं तर कुणाला कधी कळलं नसतं. लक्ष्मी माझ्याकडे बघतही नव्हती. माझ्याकडून तिनं कसलीच आशा ठेवली नव्हती.

"मंगळवारी," मी म्हटलं. "पोरांच्या आदीं. लाडू बुधवारी वळले."

 मग डॉक्टरांनी वहीत लिहून घेतलं आणि लक्ष्मीला उद्यापासून कामावर यायला सांगितलं. साईश माझ्या मांडीवर पेंगत होता. सुविधानं त्याला अलगद उचललं आणि आपल्याकडे घेतलं.