ग्लेनिसबाईंचा वाकलेला लॉलीपॉप

मी एक जुना, कमरेत वाकलेला लॉलीपॉप आहे. हसू नका मित्रांनो, मी चोखायचा लॉलीपॉप नव्हे. माणसाहून थोडा उंच दांडा, वर पिवळी गोल थाळी आणि तिच्यावर काळ्या अक्षरांत 'थांबा'. शाळेसमोरचा रस्ता मुलं ओलांडतात तेव्हा मला घेऊन कुणीतरी मधोमध उभं राहतं आणि सगळ्या गाड्या थांबतात. जो थांबत नाही त्याला दंड होतो. इंग्लंडचा कायदा माझा एवढा मान ठेवतो. त्याच कायद्यानं पुढे काय दिवे लावले, तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथून मी लँकाशायरमधल्या ब्रॅकेनशॉ गावी आलो आणि ग्लेनिस ॲशवर्थबाईंच्या हाती पडलो. बाई ठेंगण्या, आवाज मात्र घंटेसारखा. कुणाचा दात पडला, कुणाच्या घरी मांजर व्याली, सगळं त्यांना ठाऊक. नाताळात त्या माझ्या दांड्याला चमकी गुंडाळत. पाऊस असो, गारा असोत, आम्ही दोघं रस्त्यात हजर. शाळा भरली की कोपऱ्यावरच्या नसीमभाईंच्या दुकानात दारामागे मला उभं करून त्या चहा पीत.

"कशा आहात, ग्लेनिस?" नसीमभाई रोज विचारत.

"ठीक चाललंय. तक्रार नाही."

गुडघा सुजलेला असो, नवरा नुकताच वारलेला असो, उत्तर हेच. त्या गावात सगळेच असं बोलतात. दुखणं चारचौघांत काढणं त्यांना धुणं रस्त्यावर वाळत घातल्यासारखं वाटतं. मला तेव्हा या रीतीचं कौतुक वाटे. आज तिची चीड येते.

एका सकाळी शाळेतल्या दोघी जुळ्या बहिणी धावत आल्या आणि बाईंनी मला उंच धरलं. समोर एक पांढरी व्हॅन करकचून थांबली. आत ली रॉस्टन नावाचा तिशीतला दांडगा माणूस. भोंगा, शिव्या, पुन्हा भोंगा. बाई हलल्या नाहीत. मुली पलीकडे पोचल्या आणि तो खाली उतरला. त्यानं मला बाईंच्या हातातून हिसकावलं.

मित्रांनो, माझ्याच दांड्यानं त्यानं बाईंना मारलं. एकदा नव्हे. त्या खाली पडल्यावरही मारलं. बाईंनी डोकं वाचवायला उजवा हात वर केला, त्या हाताची दोन हाडं मोडली. कवटीलाही तडा गेला. मी वाकलो तो तेव्हा. जन्मभर मुलं वाचवली आणि त्या दिवशी हत्यार झालो. तो राग माझ्या लोखंडातून अजून गेलेला नाही.

मग मला प्लास्टिकमध्ये गुंडाळून, चिठ्ठी लावून पोलिसांच्या कोठारात टाकलं. का, तर मी पुरावा. खटल्याची तारीख लागे आणि पुढे जाई. जुळ्या बहिणी मोठ्या शाळेत गेल्या, तरी मी आपला धूळ खात पडलेलो.

शेवटी न्यायालयात गेलो. साक्षीदार येऊन बाहेरच्या बाकावर बसलेले पाहिल्यावर रॉस्टनला एकाएकी गुन्हा कबूल करावासा वाटला. त्या कबुलीबद्दलही शिक्षेत सूट असते म्हणे. दुकानात जुना माल स्वस्त करतात तशी! त्याच्या वकिलानं सांगितलं की अशील तरुण बाप आहे, मुलांना फुटबॉल शिकवतो, त्याला फार पश्चात्ताप झाला आहे. पश्चात्ताप झालेला तो माणूस नखं कुरतडत घड्याळाकडे बघत होता.

मग बाईंचं निवेदन वाचलं गेलं. ज्याला मार बसला त्यानं आपल्याला काय काय सोसावं लागलं ते लिहून द्यायचं, अशी तिथली पद्धत आहे. मी कान टवकारले. आता सगळं बाहेर येईल, असं मला वाटलं.

बाईंनी लिहिलं होतं: 'मी आता बरीच सावरले आहे. डॉक्टर आणि पोलीस फार चांगले होते. माझ्याहून वाईट अवस्थेत पुष्कळ लोक आहेत. माझी तक्रार नाही.'

प्रेक्षकांत बसलेली त्यांची मुलगी लिंझी पुटपुटली, "अगं आई, काय लिहिलंस हे!"

"लोकांना कशाला त्रास?" बाई हळूच म्हणाल्या. त्यांचा उजवा हात मांडीवर उलटा पडून होता.

न्यायाधीशांनी ते शब्द टिपून घेतले. ते म्हणाले, "श्रीमती ॲशवर्थ उत्तम सावरल्या आहेत. त्यांच्या मनात कटुता नाही. त्यांच्या या मोठेपणाची मी नोंद घेतो." आणि कैद सुनावली दोन वर्षांची, तीही स्थगित. म्हणजे तुरुंग नाहीच. काही तास समाजसेवा, राग आवरण्याचा वर्ग आणि घरी जा.

लिंझी उभी राहिली. "तिला साधी किटली उचलता येत नाही हो!"

"शांत बसा, नाहीतर बाहेर काढावं लागेल," शिपाई गुरकावला.

मारणाऱ्याला मऊ शब्द आणि लेकीला दम. त्या दिवशी त्या इमारतीत कडक शब्द ऐकावे लागले ते एवढ्या एकाच माणसाला.

खटला संपल्यावर गावच्या कौन्सिलनं बाईंना नवा लॉलीपॉप देऊ केला, पण त्यांनी मलाच मागून घेतलं. मला ठोकून सरळ केलं, पुरता सरळ मात्र मी झालो नाही. पुन्हा नसीमभाईंच्या दारामागे उभा राहू लागलो आणि गावाचा संताप रोज ऐकू लागलो.

"माझ्या भाच्यानं टीव्ही बघायच्या लायसन्सचे पैसे भरले नाहीत, तर त्याला कोर्टात खेचलं," एक म्हातारा म्हणाला. "आणि हा म्हातारीची हाडं मोडून बारमध्ये बियर पितोय."

"न्यायाधीशांच्या आईला मारलं असतं म्हणजे कळलं असतं," पावाच्या रांगेतली एक बाई म्हणाली.

नसीमभाई नुसते बोलून थांबले नाहीत. शिक्षा फार कमी वाटली तर तिकडे कुणीही सरकारच्या मोठ्या वकिलांना फेरविचार करायला सांगू शकतो. त्यांनी सांगितलं, आणि त्यांच्या मागोमाग अर्ध्या गावानं सांगितलं. काही आठवड्यांनी उत्तर आलं. नसीमभाईंनी ते दुकानातच वाचून दाखवलं. शिक्षा सौम्य आहे हे खरं, पण अवाजवी सौम्य नाही. सबब काही करता येत नाही. बाईंच्या निवेदनातली ती 'तक्रार नाही'सुद्धा त्यात होती.

 बाई चहाचा कप डाव्या हातात धरून उभ्या होत्या.

"म्हणजे मी बरी आहे म्हणाले, म्हणून तो सुटला?"

"तुमचा काय दोष, ग्लेनिस?" नसीमभाई म्हणाले. "तुम्ही सभ्यपणानं बोललात. त्यांनी त्याचा फायदा त्याला दिला."

बाईंनी कप ठेवला, मला उचललं आणि शाळा सुटायच्या वेळेला रस्त्यावर गेल्या. आता मला डाव्या हातानं धरत, त्यामुळे मी एका बाजूला कलत असे.

मुलं येऊ लागली. बाईंनी मला वर केलं. गाड्या थांबल्या. तिसरी एक निळी व्हॅन होती. चालवणारा दुसराच कुणी होता, पण शेजारी बसला होता रॉस्टन. त्यानं काच खाली केली आणि चारचौघांसमोर हसून म्हणाला, "काय ग्लेनिस, बरं आहे ना? झालं गेलं विसरून जाऊ या."

सवयीनं बाईंचे ओठ हलले. आता 'ठीक चाललंय' येणार, असं मला वाटलं. 

"नाही," बाई म्हणाल्या. "बरी नाही मी."

मुलं पलीकडे पोचली, तरी मला त्यांनी खाली घेतलं नाही.

"किटली उचलता येत नाही मला. केसांचा बुचडा लेक घालून देते. गाडीचा भोंगा वाजला की भर बाजारात लघवी होते मला. ऐकलंस? झोपेत रोज रात्री तू दांडा उचलतोस. माझी तक्रार आहे! फार मोठी तक्रार आहे!" तो घंटेसारखा आवाज किती तरी दिवसांनी पुरता उघडला होता.

रॉस्टन काच वर करू लागला. मागे गाड्यांची रांग चौकापर्यंत गेली होती. इंग्लंडात रांग अडली की लोक भोंगा वाजवत नाहीत, मनातल्या मनात चरफडतात. त्या दिवशी मात्र कुणी चरफडलंही नाही. दुकानात भाच्याची गोष्ट सांगणारा म्हातारा रांगेत होता, त्यानं गाडीचं इंजिन बंद केलं. मागच्यांनी केलं. नसीमभाई दुकानातून येऊन बाईंच्या शेजारी उभे राहिले आणि थकलेल्या डाव्या हाताखाली त्यांनी मला आधार दिला. रॉस्टन मान खाली घालून बसून राहिला. त्याला इतका वेळ कोंडून कुणीच ठेवलं नव्हतं. कायद्यानंही नाही.

मित्रांनो, माझा रंग उडाला आहे, आता फार दिवस मी उभा राहणार नाही. पण तुमच्या हातून एवढं व्हावं. कुणाला मार बसला तर त्याला 'बरा आहेस ना?' असं विचारून मोकळे होऊ नका. तो 'ठीक आहे' म्हणाला तरी तिथेच थांबा. त्याचा हात बघा. आणि मोठे होऊन तुमच्यापैकी कुणी न्यायाच्या खुर्चीत बसलाच, तर मार खाणाऱ्याचा चांगुलपणा मारणाऱ्याच्या पदरात टाकू नका. माझ्या थाळीवर एकच शब्द आहे. तो मुलांसमोर येणाऱ्या गाड्यांसाठी लिहिला होता. आता तो तुमच्यासाठीही वाचा.