पत्र्याच्या शेडमधलं वारं

पालेगावच्या कौसाबाईने पत्र्याच्या फटीतून आत पाहिलं आणि डोक्यावरचा गवताचा भारा तिच्या नकळत खाली घसरला. आत तिचा नाथा होता. गळ्यात गिटार, कमरेत वाकलेला, आणि डोकं असं गदागदा हलत होतं की खांद्यापर्यंत वाढवलेले केस सुपातल्या भातासारखे पुढे-मागे पाखडले जात होते. शेजारी आणखी दोघं तशीच. मागे ढोलांच्या गराड्यात बसलेला चौथा जीव खाऊन बडवत होता.

ती आत गेली नाही. तिने हाकही मारली नाही. पदर तोंडाला लावून बांधाबांधाने निघाली, ती थेट नणंदेच्या दारात जाऊन थांबली.

पालेगावच्या एका अंगाला तेव्हा अजून भातखाचरं होती आणि दुसऱ्या अंगाला अंबरनाथच्या कारखान्यांची धुराडी. नाथा अशाच एका कारखान्यात लागला होता. आठवडाभर मशीन चालवायची आणि रविवारी दोस्तांबरोबर या रिकाम्या शेडमध्ये धिंगाणा घालायचा. गाणं म्हणून ठीक होतं. पण आजचं ते डोकं हलवणं कौसाबाईने आयुष्यात एकदा पाहिलं होतं.

तेव्हा नाथा दुधाचे दात पडायच्या वयाचा होता. गावदेवीच्या पालखीत त्याच्या बापाच्या, कोंडाजीच्या, अंगात वारं आलं. तसं ते पुष्कळांच्या येतं. उतरतं, मग माणसं पाणी पिऊन घरी जातात. कोंडाजीचं उतरलंच नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? कौसाबाईने "अवो, नाथाचे बा" अशा हाकांवर हाका मारल्या. त्याने पाहिलं, पण पाण्यातून तळ बघावा तसं तिच्या आरपार. ओ दिली नाही. त्याच आठवड्यात गोसाव्यांच्या मागे चालू लागला तो गेलाच.

नणंद रखमाबाई उंबऱ्यात मेथी निवडत बसली होती. उल्हासनगरच्या बाजारात ती भाजी विकायची आणि सिंधी बायकांशी त्यांच्याच बोलीत घासाघीस करायची. नवरात्रात मात्र तिच्या अंगात देवी यायची, तेव्हा अख्खा गाव तिच्या पाया पडायचा.

"वन्सं, नाथ्याच्या अंगात वारं आलं."

"कुनाचं?"

"ते मला काय कळतं? तुमीच बघा चलून."

"हाक मारलीस?"

कौसाबाई मेथीच्या काड्या गोळा करू लागली.

"वैनी, हाक मारलीस का?"

"आन ओ दिली नाय तर?"

रखमाबाईने मेथी बाजूला सारली. गेला तो तिचा सख्खा भाऊ होता; तेव्हा तिनेही त्याला हाक मारली होती. "चल," ती म्हणाली.

दोघी पोचल्या तेव्हा वाजवणं थांबलं होतं. नाथा आत तारा जुळवत होता. बाहेर त्याचा गिटारवाला दोस्त मधू पाणी पीत उभा होता. मधू अंबरनाथच्या ऑफिसर कॉलनीतला, चष्मेवाला, आणि छातीवर कवटी छापलेला काळा टी-शर्ट.

"काय रं, काय चालतं तुमचं हे?" रखमाबाईने विचारलं.

"हेवी मेटल, आत्या."

"आन डोस्की कशाला हलवता?"

"त्याला हेडबँगिंग म्हणतात. तिकडे परदेशात सगळे करतात." आजवर कोणी विचारलं नव्हतं, त्यामुळे मधूला चेव चढला. "तिकडे एकेक नग आहेत ना, आत्या! कोणी तोंडाला पांढरा-काळा रंग फासतात. एक जण स्टेजवर शवपेटीतून बाहेर यायचा. एकाने तर चालू शोमध्ये वटवाघळाचं मुंडकं तोडलं दातांनी. त्याला वाटलं रबराचं आहे."

कौसाबाईने खांब धरला.

"मंग?" रखमाबाई म्हणाली.

"मग काय, नेला हॉस्पिटलात. रेबीजची इंजेक्शनं."

"सुया घेतल्या त्यानं?"

"घ्याव्याच लागल्या."

रखमाबाई भावजयीकडे वळली. "ऐकलंस? देवाला सुया लागत नाय. भुताला पन नाय. मानूस हाय त्यो."

"आणि लोक म्हणतात, रेकॉर्ड उलटी वाजवली की सैतान बोलतो," मधूने भर घातली.

"सुलटी तरी कळते का तुला?"

"पूर्ण नाही कळत, आत्या," मधूने कबूल केलं.

"त्यो परदेशातला," कौसाबाई हळूच म्हणाली. "माझ्या पोराचं काय?"

आतून ढोल वाजला, तसा मधू आत पळाला. उल्हासनगरात बनवून घेतलेल्या स्पीकरच्या खोक्यांनी सगळे पत्रे थरथरू लागले. दोघी दारात उभ्या राहिल्या. रखमाबाई जाणत्या नजरेने बघत होती. मध्येच ढोलाचा ठेका तुटला. तिन्ही डोकी जागच्या जागी थांबली. ठेका पुन्हा पडला, डोकी पुन्हा सुटली.

"हे बघ," ती कौसाबाईच्या कानाशी ओरडली, "माझ्या अंगात येतं तवा ढोल थांबला तरी मी थांबत नाय. बायांना धरून ठेवावं लागतं. ही तिघं एकदम थांबली. देव काय कवायत करतो?"

"तुमी मारा हाक."

"भावाला मी मारली होती. लेकाला तू मार."

कौसाबाईने हाक मारली. ती त्या गोंगाटात बुडाली. नाथाने पाहिलं नाही. पण ती हलली नाही. ढोल तुटायची वाट बघत राहिली. तो तुटला.

"नाथ्या!"

केसांच्या पडद्यातून घामेजलेला चेहरा वर आला. नजर थेट तिच्यावर. "काय गं आये? थांब ना, गाणं संपू दे."

आणि ढोलाबरोबर त्याने पुन्हा डोकं खाली घातलं.

कौसाबाई दारातच मटकन बसली. छातीवर बसलेलं काहीतरी उठून निघून गेलं. जात्यावर येते तशी ओवी ओठांवर आली, त्या आवाजात कोणालाच न ऐकू येणारी:

*हाक मारिते मी बाई, हाक गेली गं रानाला,*
*माझ्या लेकाची गं ओ, आली माझिया कानाला.*

गाणं संपलं तसा नाथा मान चोळत आला. "काय झालं? घरी कोन आलंय का?"

"कोन नाय. तूच हायेस का बघायला आलो," रखमाबाई म्हणाली. "आन मानेतून हलवू नको, मोडशील. कमरेतून येऊ दे." तिने पदर खोचून दाखवलंसुद्धा. पोरं खिदळत तिच्यामागे उभी राहिली. कौसाबाई इतकी हसली की डोळे पुसावे लागले.

पुढचं गाणं सुरू झालं. ढोल तुटला.

"नाथ्या!"

"काय?"

"काय नाय."

पुढच्या थांब्यालाही तेच.

"आये, अगं गाणं बिघडतंय."

"बिघडत नाही रे," मधू गिटारवरून मान वर करत म्हणाला. "बरोबर जागेवर येतंय. मारू दे त्यांना."

कौसाबाई सावरून बसली आणि ढोल पुन्हा तुटायची वाट बघू लागली.